यादीत नसलेला नववा पार्ट

ताईच्या घरचा कॉम्प्युटर २०२३ च्या दिवाळीत जोडला, तेव्हा बिलावर आठ ओळी होत्या. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा भाग), कॅबिनेट, मॉनिटर आणि कीबोर्ड-माउसचा जोड. जीएसटी धरून ४६,७०० रुपये. तीन आठवड्यांनी भाच्याचा फोन आला. "मामा, एसएमपीएस गंडलाय. आपोआप रिस्टार्ट होतंय. आणि आजी म्हणते डब्याला करंट आहे. परत पाठवू का पुण्याला?"

दोन तक्रारी, एक संशयित. मीही मान डोलावली होती. तो एसएमपीएस कुरिअरने पुण्याला गेला असता, दुकानदाराने कटकट न करता बदलून दिला असता, आणि नवा लावल्यावर दोन्ही तक्रारी जशाच्या तशा राहिल्या असत्या. तसं का झालं नाही, हे सविस्तर लिहून ठेवतोय. घरी मशीन जोडण्याबद्दल जे काही सांगितलं जातं त्यात ही बाजू मला कुठे भेटली नाही.

ताईचं सासर सांगली जिल्ह्यातल्या एका गावात. घर जुनं, खाली दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी माळा. माळ्यावर पोराची खोली. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकायचंय हे तो सगळ्यांना सांगतो, गेम खेळायच्यात हे कुणालाच सांगत नाही. दाजींचं मत होतं की लॅपटॉप घ्या आणि विषय मिटवा. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. पण पंचेचाळीस हजारांच्या लॅपटॉपमध्ये दोन वर्षांनी बदलता येण्यासारखं फार काही उरत नाही. डेस्कटॉपमध्ये पैसे आले की ग्राफिक्स कार्ड घालता येतं. शिवाय स्वतः जोडलेल्या मशीनला पोरगं घाबरत नाही, हा माझा खरा मुद्दा होता, तो मी दाजींसमोर मांडला नाही.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॉट, आणि पोटातच ग्राफिक्स. २०२१ चा म्हणजे शिळाच, पण त्याला लागणारा एएम४ बोर्ड आणि डीडीआर४ रॅम दोन्ही स्वस्तात मिळत होते. त्याच वेळी नव्या एएम५ वर जायचं तर बोर्ड आणि डीडीआर५ मध्येच बजेट संपत होतं. दुकानदार म्हणाला, "सर, सोळाची एकच स्टिक टाका, पुढे अजून एक लावता येईल." एरवी सल्ला वाईट नाही. इथे वाईट होता. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच उसनी घेते. एका स्टिकने एकच चॅनेल चालतो, म्हणजे चार पदरी रस्त्याचे दोन पदर बंद. त्यामुळे आठ-आठच्या दोन घेतल्या. एसएसडी मात्र मुद्दाम जुन्या पिढीची, जेन ३ ची घेतली, कारण एसएसडी ज्या रस्त्याने प्रोसेसरशी बोलते त्या पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीपुढे ५६००जी जातच नाही. जेन ४ चे जास्तीचे पैसे नुसते स्टिकरला गेले असते. ते वाचलेले पैसे एसएमपीएसमध्ये घातले, ५५० वॉटचा, ब्राँझ रेटिंगचा. पुढे कार्ड येणार म्हणून.

माझा स्वतःचा पहिला असेंबल्ड कॉम्प्युटर मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून आणला होता, ग्रँट रोड स्टेशनवरून खोकी डोक्यावर घेऊन. तेव्हा जोडणारा पोऱ्या दुकानातलाच असायचा आणि आपण काउंटरच्या अलीकडून टाचा उंचावून बघायचं. आता सगळं इतकं एकमेकांत बसणारं झालंय की चुकीचं लावायलाच जोर लागतो.

भाऊबीजेला दुपारी जेवणं झाल्यावर माळ्यावर चादर अंथरून बसलो. प्रोसेसरच्या पिना नीट आहेत का ते उजेडात धरून पाहिलं (एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१, एक वाकली तरी संध्याकाळ गेली). सोनेरी त्रिकोणाशी त्रिकोण जुळवला, तो आपल्या वजनानेच खाली बसला. आठ पिनांची प्रोसेसरची पॉवर केबल बोर्ड बसवायच्या आधीच मागून ओढून घेतली. नंतर त्या कोपऱ्यात बोट जात नाही.

एक गोष्ट मी भाच्याला फार आत्मविश्वासाने शिकवली. एसएमपीएसची केबल भिंतीत लावून ठेवायची, बटण बंद, आणि बोर्डला हात लावण्याआधी दर वेळी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करायचा. अंगावरची स्थिर वीज अर्थिंगमधून जमिनीत जाते. हा सल्ला बरोबर आहे. त्यात एक गृहीतक आहे एवढंच.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. पोराचा चेहरा तिच्याहून काळा. बोर्डच्या कडेला चार बारीक एलईडी असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. त्यातला डीरॅमचा पेटून राहिला होता. नवा बोर्ड पहिल्यांदा रॅम ओळखायला थोडा वेळ घेतो, म्हणून दोन-तीन मिनिटं थांबलो. ढिम्म. मोबाइलचा टॉर्च आडवा धरल्यावर दिसलं: या बोर्डवर रॅमच्या खाचेला एकाच बाजूला खिट्टी आहे, दुसरी बाजू स्थिर. पोराने खिट्टीच्या बाजूने दाबलं, खट् आवाज आला, त्याला वाटलं बसली. दुसरं टोक नखाच्या जाडीएवढं वर होतं. केबल काढली, दोन्ही अंगठ्यांनी स्थिर बाजूकडून दाबलं, आणखी एक खट् आला, हा जरा जाड आवाजाचा. मग चित्र आलं. ताईने पेढे आणले. मी दुसऱ्या दिवशी पुण्याला परतलो.

तीन आठवड्यांनी तो फोन.

मी फोनवरून त्याला एवढंच सांगितलं की काही काढू नकोस, विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघड आणि 'कर्नल-पॉवर ४१' अशा नोंदींच्या वेळा लिहून पाठव. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं की ही नोंद पडते. कारण ती सांगत नाही. पण नोंदीत बगचेक कोड शून्य असेल तर निळ्या स्क्रीनचा, म्हणजे विंडोज कोसळल्याचा, मामला नसतो, वीजच गेलेली असण्याची शक्यता मोठी. सगळे कोड शून्य होते. वेळा अशा: मंगळवारी ६:५२, गुरुवारी ६:५५, शनिवारी ७:०३, सोमवारी ६:५०. सगळ्या संध्याकाळच्या.

खराब झालेला एसएमपीएस दिवसाआड, तोही संध्याकाळी सातच्या सुमारास खराब होत नाही. मी ताईला फोन लावला. "तुमच्याकडे दिवसाआड काय असतं गं?"

"पाणी," ती म्हणाली.

नळाला पाणी आलं की दाजी अर्ध्या अश्वशक्तीची मोटर लावतात. मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट करंट क्षणभर ओढते आणि तेवढ्यात घरातलं व्होल्टेज बसतं. घरात इन्व्हर्टर आहे, मग मशीन का बसावं? त्या शनिवारी मी गावी गेलो आणि इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघितलं. ते 'नॉर्मल'वर होतं. या बटणाला घरोघरी कुणी हात लावत नाही. 'नॉर्मल'मध्ये इन्व्हर्टर फार उदार असतो. बाहेरून येणारी वीज बरीच खाली आली तरी तीच पुढे ढकलतो, बॅटरीवर जात नाही, गेला तरी सावकाश. पंखा आणि ट्यूबलाइटला त्याचं काही वाटत नाही. आमच्या एसएमपीएसच्या अंगावरच्या कागदावर मात्र इनपुट २००–२४० व्होल्ट असं छापलेलं होतं. मोटर लावताना मी मीटर धरून बसलो: दिवा मंद झाला, आकडा १६० च्या खाली गेला आणि लगेच वर आला. साध्या मीटरला इतका छोटा झोल पुरता पकडता येत नाही, त्यामुळे खरा तळ आणखी खाली असणार. एसएमपीएसच्या पोटातल्या मोठ्या कपॅसिटरने पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी एटीएक्स या मानकाची अपेक्षा असते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे पूर्ण एका आवर्तनाचीही हमी नाही. लोड कमी असताना जास्त तग धरला जातो, पण मोटरला उठायला लागणारा वेळ त्याहून बराच मोठा.

बटण 'यूपीएस'वर केलं. या स्थितीत इन्व्हर्टर व्होल्टेज जरा खाली येताच झटकन बॅटरीवर जातो. दाजींनी पाच वेळा मोटर लावली-बंद केली. मशीन हललं नाही. खर्च शून्य रुपये. दाजी खूश, आणि माझ्या मते प्रकरण संपलेलं.

आजी जिन्यात उभ्या होत्या. "आनि करंटचं काय?" त्या म्हणाल्या.

आजी म्हणजे दाजींच्या आई. माळा रोज त्याच पुसतात, ओल्या फडक्याने. पहिल्या आठवड्यातच त्यांनी सांगितलं होतं, "ह्या डब्याला मुंग्या येत्यात. बंद असला की जास्तच येत्यात." घरात कुणी मनावर घेतलं नाही. पोराने स्थिर वीज म्हणून समजावलं, ताईने वय म्हणून. मीही फोनवर 'होतं थोडंफार' असं म्हटलेलं आठवतं. आणि त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, बंद असला की जास्त, हा तर उघडच खुळचटपणा वाटला होता. प्रकरणाची किल्ली त्यातच होती.

मी कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावला. आतला निऑन मंद नारिंगी लागला. मग लांब वायर खाली सोडून नळाच्या जुन्या लोखंडी पायपाला जोडली आणि मीटरचं एक टोक तिला, दुसरं स्क्रूला. (विजेचं काम येत नसेल तर हे करू नका. वायरमनला बोलवा.) मशीन चालू असताना १०९ व्होल्ट. भिंतीवरचं बटण बंद केलं. २२४ व्होल्ट.

पोराने मीटर हलवून पाहिला. मी पुन्हा बटण चालू केलं, १०९. बंद, २२४.

एकशे नऊचा अर्थ मला माहीत होता. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यात फेज आणि पत्रा यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर आणि न्यूट्रल आणि पत्रा यांच्यामध्ये दुसरा तसाच. आतल्या स्विचिंगचा उच्च वारंवारतेचा कचरा अर्थिंगमध्ये सोडायचा, हे त्यांचं काम. अर्थिंग असलं की पत्रा शून्यावर बांधलेला राहतो. अर्थिंग नसलं की पत्रा दोन कपॅसिटरच्या मधोमध लोंबकळतो, म्हणजे साधारण निम्म्या व्होल्टेजवर. करंट एक मिलिअँपिअरच्याही खालचा, जीव घेणारा नव्हे. कोरड्या बोटाला कळत नाही, ओल्या फडक्यातून किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला मुंग्या येतात. यात एसएमपीएसचा काही दोष नाही, चांगल्या एसएमपीएसमध्येही हे होणारच. खराब फिल्टरवाल्या स्वस्त मालात उलट कधी कधी मुंग्या कमी येतात, आणि लोक तोच चांगला समजतात.

पण २२४? बटण बंद केल्यावर वीज वाढते कशी? एकाच तऱ्हेने. बटण फेजवर नसून न्यूट्रलवर असेल तर. मग बटण बंद केलं की परतीचा रस्ता तुटतो, फेज तशीच आत येत राहते, आणि पत्र्याला खाली ओढणारं कुणी उरत नाही. तो सरळ फेजच्या पातळीला चढतो. सॉकेटकडे तोंड करून, जाडी पिन वर धरली तर फेज उजव्या भोकात हवी. टेस्टर डाव्या भोकात लागला. आजींचं वाक्य अक्षरशः खरं होतं.

मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून बोर्ड उघडला. वर इन्व्हर्टरची लाइन नेताना कुणीतरी दोनच वायरी नेल्या होत्या, दोन्ही काळ्या. तीन पिनांचं सॉकेट, अर्थच्या जागी रिकामा पितळी स्क्रू, जाळ्या धरलेला. त्या क्षणी मला भाऊबीजेची दुपार आठवली. दर वेळी पत्र्याला हात लाव म्हणून पोराला मी जे पढवत होतो, ते आम्ही जमिनीला नव्हे, हवेत टांगलेल्या डब्याला हात लावत होतो. अगदीच फुकट गेलं असं नाही, आपण आणि पत्रा एका पातळीवर आलो तरी बोर्डला झटका बसायचं बरंचसं टळतं. पण मॉनिटरही त्याच एक्स्टेन्शनवर होता. दोन लोंबकळणारे पत्रे एचडीएमआयच्या केबलने जोडताना पोर्ट उडाल्याचे किस्से मी ऐकलेले आहेत. आमचा वाचला.

गावातला एक वायरमन आला. माणूस अनुभवी, घाईत. बोर्ड बघून म्हणाला, "अर्थिंग कशाला खणताय? आतनं न्यूट्रलवरनं अर्थला एक तुकडा टाकतो. मुंग्या बंद. शंभर रुपये द्या."

हा तुकडा महाराष्ट्रात किती सॉकेटांत असेल, देव जाणे. मुंग्या खरंच बंद होतात. पण पुढे कधी मागची न्यूट्रल सुटली की त्याच तुकड्यातून पूर्ण फेज कॅबिनेटवर येते, तीही कपॅसिटरमधून गाळून नव्हे, थेट. आणि आमच्या सॉकेटात तर न्यूट्रल सुटायचीही वाट बघायला नको होती. ज्या स्क्रूला तो न्यूट्रल समजत होता त्यावर फेज होती. त्याने तो तुकडा टाकला असता आणि पोराने मशीनची पिन खोचली असती, तर डबा २३० व्होल्टवर. आजी सकाळी फडकं घेऊन येणार. मी त्याच्या हातात टेस्टर दिला आणि म्हटलं, आधी डाव्या भोकात लावून बघा. त्याने लावला. मग बराच वेळ काही बोलला नाही. पुढचं काम त्यानेच केलं आणि नीट केलं, हेही सांगायला हवं.

परसात तुळशीच्या पलीकडे खड्डा घेतला. जीआय पाइप उभा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण. तिथून हिरवी वायर माळ्यापर्यंत, खिळ्यांवर नव्हे, पट्टीतून. सॉकेटातल्या दोन वायरी उलटवल्या, फेज बटणावर घेतली, काळ्या वायरींपैकी एकीवर लाल टेप गुंडाळली. साडेपाच हजार रुपये, सामान धरून. मुंग्या बंद करायला इतके? असं दाजींनी विचारलं. मी त्यांना एसएमपीएसचं बिल दाखवलं, ४,३०० चं. म्हटलं, हे नववं बिल समजा, फक्त ते पहिलं यायला हवं होतं.

काम झाल्यावर घेतलेली मापं: फेज ते न्यूट्रल २३१, फेज ते अर्थ २२९, न्यूट्रल ते अर्थ २ च्या आसपास. कॅबिनेटच्या स्क्रूवर टेस्टर लागत नाही, बटण चालू असो की बंद. आता मी कुणासाठीही मशीन जोडायला गेलो की खोकी फोडायच्या आधी सॉकेटात मीटर घालतो. पाच मिनिटांचं काम आहे. फेज आणि अर्थ यांच्यामधला आकडा फेज-न्यूट्रलच्या जवळ आला नाही, तर त्या खोलीत जोडणी करत नाही. यजमानांना हे जरा विचित्र वाटतं, चहा येतो तोवर मी भिंतीशी असतो.

दोन गोष्टी राहिल्यात. मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला मी सांगितलं होतं. जाणारा आणि परतणारा करंट यांत तेवढा फरक पडला की तो लाइनच तोडतो. दाजी म्हणाले, पुढच्या दिवाळीला. आणि खाली फ्रिजचं सॉकेट अजून जुन्याच दोन वायरींवर आहे. त्याला हात लावायला गेलं तर भिंत फोडावी लागेल.

भाच्याला आता ग्राफिक्स कार्ड हवंय. खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालत राहावं लागतं, माती वाळली की अर्थिंग कमजोर होतं, हे वायरमनने सांगितलं तेव्हा आजी ऐकत होत्या. सकाळी तुळशीला तांब्या घालून झाला की दुसरा तांब्या त्या तिथे ओततात. मग वर जाऊन फडकं पिळतात आणि आधी मनगटाची आतली बाजू डब्याला टेकवून बघतात.